उलट्या दिशेचे गिर्यारोहक

पुण्याच्या पश्चिमेला घर घेणाऱ्याला डोंगर फुकट मिळतो. निदान माहितीपत्रकात तरी मिळतो. बाल्कनीत वेताची खुर्ची, खुर्चीत कॉफी पिणारी एक प्रसन्न बाई आणि समोर हिरवागार सह्याद्री. खाली अंतरं मिनिटांत छापलेली असतात: बालेवाडी इतकी मिनिटं, हिंजवडी तितकी. ही मिनिटं कोणत्या सालातली आहेत ते छापलेलं नसतं. नांद्यात राहायला आलेल्या प्रत्येकानं ते चित्र बघितलेलं आहे, आणि ताबा मिळाल्यावर त्याच बाल्कनीतून समोरच्या विंगेत वाळत घातलेला पट्ट्यापट्ट्यांचा टॉवेलही बघितलेला आहे. डोंगर आहे, नाही असं नाही. तो टॉवेलच्या मागे आहे. बघायचा तर उठून जावं लागतं. नांद्यातल्या गिर्यारोहणाचा उगम बहुतेक इथेच असावा.

नांदे कुठे आलं हे पुणेकराला सांगणं हाही एक चढच. 'बालेवाडीच्या पुढे' म्हटलं की तो भुवया उंचावून 'पुढे काही आहे?' असं विचारतो. तर पुढे मुळा नदीकाठचं, मुळशी तालुक्यातलं हे गाव आहे. शेजारी चांदे. दोघांची नावं लोक जोडीनंच घेतात, एकटं नांदे म्हटलं तर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. २०२१ साली पुणे महापालिकेनं आणखी २३ गावं पोटात घेतली तेव्हा सूस आणि म्हाळुंगे आत गेली, नांदे बाहेर राहिलं. त्यामुळे आम्ही पत्त्यात पुणे लिहितो, घरपट्टी ग्रामपंचायतीत भरतो आणि उन्हाळ्यात टँकरवाल्याला 'भाऊ' म्हणतो.

पण बाहेर राहण्याचा एक फायदा आहे, आणि तो रविवारी सकाळी कळतो. रविवारी सगळं पुणं पश्चिमेकडे निघतं. चांदणी चौकातले नवे पूल २०२३ मध्ये खुले झाले, तेव्हापासून ही गर्दी चौकात अडकून पडत नाही. ती थेट भूगावात येऊन अडकते. तिथे एका गाडीत चार माणसं, चार सॅक, सेल्फी काढायची एक काठी आणि 'अजून किती?' विचारणारं एक मूल, अशी कुटुंबं सूर्योदय बघायला निघालेली असतात आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत पुढच्या डंपरची नंबरप्लेट बघत बसतात. पुण्याजवळच्या ट्रेकमध्ये दमछाक होते ती पायथ्यापर्यंत पोहोचतानाच. नांदेकर मात्र मागच्या दारानं, म्हणजे चांदे, मुळखेड, घोटावडे करत पौडकडे सटकतो. शहर जिथे पोहोचायची धडपड करत असतं, तिथून आम्ही निघतो. ही गोष्ट कळायला आमच्या सोसायटीला बराच काळ लागला, कारण सोसायटीत आधी चर्चा होते.

ट्रेकसाठी व्हॉट्सॲपवर ग्रुप आहे. त्याच्या नावातच 'फक्त ट्रेक' असं लिहिलेलं असल्यामुळे तिथे सुप्रभात, लिफ्ट बंद असल्याची सूचना आणि कुणाच्या तरी गाडीचे दिवे चालू राहिल्याचे फोटो न चुकता येतात. ट्रेकचा विषय निघाला की मतदान होतं. हां हां म्हणता लोक 'येणार'वर बोट ठेवतात. मग आदल्या रात्री साडेदहाच्या सुमारास पाहुणे, ताप, अमेरिकेचा कॉल आणि एकाएकी आठवलेली संकष्टी यांची लाट येते, आणि पहाटे गेटपाशी पाच माणसं उरतात. ती नेहमीचीच पाच. मग मतदान कशासाठी, हा प्रश्न सेक्रेटरींना आवडत नाही.

या पाचांत मानाचे पहिले बी विंगमधले काका. बँकेतून निवृत्त. त्यांनी सगळे किल्ले ऐंशीच्या दशकात केले. मुक्कामी एसटीनं, हंटर शूज घालून आणि गोनीदा वाचून. त्यांच्या मते तेव्हाच्या मानानं सह्याद्री आता बराच सोपा झालाय, फक्त त्यांचा गुडघा हे मान्य करत नाही. दुसरा आयटीतला एक तरुण. त्याच्या मनगटावर वेळ सोडून सगळं सांगणारं घड्याळ आहे. तो चालला की ते त्याला शाबासकी देतं, बसला की टोचून बोलतं. बायको नसल्यामुळे त्यानं ते विकत घेतलं असावं, असं वहिनी म्हणतात. वहिनी म्हणजे सी विंगच्या. त्यांची सॅक सगळ्यात जड, कारण पाचजणांचं खाणं तीत असतं, आणि सगळ्यात पुढेही त्याच असतात. त्यामुळे भुकेल्या माणसाला वेग वाढवण्याशिवाय इलाज राहत नाही. चौथी माझी पत्नी. कुठलाही किल्ला सुचवा, ती एकच प्रश्न विचारते: "गाडी कुठपर्यंत जाते?" पाचवा मी, लिहिणारा.

कुठे जायचं म्हटलं की पहिलं नाव सिंहगडाचं येतं. "सिंहगड हा ट्रेक नाही," काका सांगतात. "ती हजेरी आहे." यात तथ्य आहे. सिंहगडावर भेटलेला पुणेकर गडाबद्दल बोलत नाही, मिनिटं सांगतो. आतकरवाडीतून वर यायला किती लागली? तुम्ही चाळीस म्हणालात की तो "मला पस्तीस, पण आज जरा पोट जड होतं" असं म्हणतो. तुम्ही तीस म्हणालात की तो तुमच्या बुटांकडे संशयानं बघतो. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे आणि त्यांचे मावळे कड्यावरून वर गेले, त्यांना किती मिनिटं लागली याची नोंद कुणी ठेवली नाही. काही नियमित सिंहगडकरांना ही इतिहासलेखनातली मोठी त्रुटी वाटते. वर गेल्यावर कांदाभजी, पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाऊन चढताना घालवलेलं सगळं परत मिळवायचं, हा शिरस्ता आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवलं. पुणे जिल्ह्यातले शिवनेरी, लोहगड आणि राजगड यादीत बसले. सिंहगड नाही बसला. "त्यांना दही नसेल मिळालं," काकांनी निकाल दिला.

नांद्याच्या दृष्टीनं सिंहगडाची खरी अडचण वेगळीच आहे. तो शहराच्या पलीकडच्या अंगाला आहे, म्हणजे सिंहगड करायचा तर आधी पुणे करावं लागतं, आणि त्यात वारजे हा टप्पा अवघड श्रेणीतला. कात्रज ते सिंहगड या रात्रीच्या चालीचंही तेच. कात्रजच्या जुन्या बोगद्यापाशी सुरू होणारी ही टेकड्यांची रांग चांदण्यात सुंदर दिसते म्हणतात. वाटेत टेकड्या किती, हे प्रत्येक जण वेगळं सांगतो, पण "ही शेवटची" हे वाक्य मात्र सगळे सारखंच म्हणतात आणि पहिल्या टेकडीपासून म्हणतात. वेताळ टेकडी शहरातली सर्वांत उंच जागा, समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर. पण पुणं स्वतःच साडेपाचशेच्या वर असल्यानं उरलेला चढ चहाच्या आधी संपतो. तिथे मोर आहेत, जुनी दगडाची खाण आहे, आणि टेकडीला धक्का लावणाऱ्या नियोजित रस्त्याच्या विरोधात बोलणारं कुणी ना कुणी भेटतंच. त्यांचं म्हणणं बरोबर आहे. तोरणा १,४०३ मीटर उंच, जिल्ह्यातला सर्वांत उंच किल्ला. त्याचं नाव निघालं की ग्रुपवर टाळ्यांची चित्रं येतात आणि विषय बदलतो.

पावसाळ्यात सगळ्यांच्या तोंडी एकच नाव असतं: अंधारबन. ताम्हिणीच्या वाटेवरच्या पिंपरी गावापासून निघायचं, दाट झाडीतून हिर्डीला यायचं आणि तिथून खाली कोकणात भिऱ्याला उतरायचं. तेराएक किलोमीटर. डाव्या-उजव्या हाताला धबधबे, एका बाजूला कुंडलिकेची अफाट दरी. इतकी दाट झाडी की दुपारी संध्याकाळ वाटावी. हे सगळं खरं आहे, फक्त ते दिसायला मधल्या वारी जावं लागतं. शनिवार-रविवारी तिथे झाडांइतकेच रेनकोट असतात. बसगाड्यांतून आलेले जथे, पुढे शिट्टीवाला, मागे शिट्टीवाला, आणि मधे गुलाबी रेनकोटातलं कुणीतरी ओढ्याच्या ऐन मधोमध उभं राहून "एक अजून घे ना" असं म्हणत असतं. मागची रांग तोवर घोटाभर पाण्यात उभी.

या वाटेचं एक व्यावहारिक कोडं आहे आणि ते आजवर एकाही सोसायटीला सुटलेलं नाही. वाट सुरू होते घाटावर आणि संपते कोकणात. गाडी मात्र घाटावरच राहते. मग दोन गाड्या न्यायच्या, एक आधी भिऱ्याला ठेवून यायची, म्हणजे ताम्हिणी घाट आधी उतरायचा, मग चढायचा, मग पायी उतरायचा, मग पुन्हा गाडीनं चढायचा. आयटीतल्या तरुणानं याची आकृती काढली. काका म्हणाले, "आम्ही एसटीनं यायचो." पत्नी म्हणाली, "मी थेट भिऱ्यालाच थांबते ना!" शेवटी ड्रायव्हर ठरवला. सगळ्यात सुखात तोच होता. गाडी फिरवून त्यानं भिऱ्यात जेवण उरकलं, झोप काढली आणि आम्ही चिखलानं माखून पोहोचलो तेव्हा "काय साहेब, एवढा वेळ?" म्हणून विचारलं.

भिऱ्यात नांदेकराला एक ओळखीची भेटते: मुळा. आमच्या गावाशेजारून वाहते तीच नदी. मुळशीला टाटांनी धरण बांधायला घेतलं, शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखाली जाणार म्हणून १९२१ मध्ये सत्याग्रह झाला. पुढारी पांडुरंग महादेव बापट. सेनापती ही पदवी त्यांना याच लढ्यानं दिली. धरण झालं, गावं बुडाली आणि धरणाचं पाणी कड्याखाली भिऱ्याच्या वीजघरात सोडलं गेलं. वीज मुंबईकडे गेली. जनित्रं फिरवून झालेलं पाणी पुढे कुंडलिका नदीत जातं आणि त्याच पाण्यावर कोलाडला राफ्टिंग चालतं. थोडक्यात, जे पाणी निसर्गक्रमानं नांद्यावरून जायचं ते घाट उतरून कोकणात पोहोचतं आणि मुंबईची मंडळी रबरी होडीत बसून, पैसे मोजून, त्याच्यावर किंचाळतात. आम्ही टँकरवाल्याला पैसे मोजतो आणि मनातल्या मनात किंचाळतो. काकांनी हा सगळा इतिहास भिऱ्यात उभं राहून सांगितला. वहिनी म्हणाल्या, "एवढं पाणी आपल्याच टाकीत आलं असतं तर ट्रेकला यायचीसुद्धा गरज नव्हती."

आता तिकोना. खरं सांगायचं तर या लेखाचं कारण तोच. नांद्याहून जायला सगळ्यात सरळ, चढायला बेताचा आणि वरून दिसणाऱ्या मुलखाच्या बाबतीत उधळ्या. त्यातून दिवाळीनंतरचा मंगळवार निवडलेला. मंगळवारी पुणं कामावर जातं. आम्ही पहाटे निघालो, तेव्हा समोरून हिंजवडीकडे कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग येत होती. खिडकीतले लोक मोबाइलमध्ये मान घालून बसलेले. आयटीतला तरुण सीटवर खाली सरकला. कागदोपत्री तो त्या दिवशी घरून काम करत होता.

मुळखेड, घोटावडे, मग पौड. वाटेत दर थोड्या अंतरावर 'प्लॉट विकणे आहे'चे फलक. काही फलकांमागे अजून भातशेती दिसते, काहींमागे नुसती कुंपणाची तार. २०१८ साली आलेल्या 'मुळशी पॅटर्न'नं या जमिनींची गोष्ट महाराष्ट्रभर पोहोचवली, पण फलक काही कमी झाले नाहीत. पौडला मिसळ खाल्ली. "चढायच्या आधी एवढी तर्री?" असं तरुणानं विचारलं, त्याच्या घड्याळानंही बहुधा तेच विचारलं असावं. काका म्हणाले, "तर्रीशिवाय गड चढता येतो, पण मग चढायचा कशाला?"

पौडहून उजवीकडे कोळवणचा रस्ता फुटतो आणि तिथून पुढे चित्र एकदम पालटतं. खाचरांत भात कापून आडवा घातलेला, काही ठिकाणी मळणी चाललेली, हवेत नव्या भाताचा वास. मुळशीचा आंबेमोहोर इथलाच. कोळवण, हाडशी, जवण. प्रत्येक गावात वहिनींनी काच खाली करून "तिकोन्याला हाच ना रस्ता?" असं विचारलं, मोबाइलवर नकाशा चालू असताना. "विचारलं की माणसाला बरं वाटतं," हे त्यांचं तत्त्व. जवणच्या एका आजोबांना इतकं बरं वाटलं की ते गाडीतच बसले आणि पुढच्या वस्तीवर उतरले. "सरळ जावा," उतरताना त्यांनी सांगितलं. रस्ता एकच होता.

तिकोनापेठेत गाडी लावली. पत्नीनं गडाकडे बघितलं, गाडीकडे बघितलं आणि "म्हणजे इथपर्यंतच जाते" असं म्हणून बुटांच्या नाड्या बांधल्या. एका झाडाखाली एक मावशी ताक विकत बसल्या होत्या.

"मावशी, वर जायला किती वेळ लागतो?"

"आमाला व्हय? ईस मिन्टं."

"आणि आम्हाला?"

मावशींनी आम्हाला एकेकाला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. काकांपाशी जरा जास्त वेळ थांबल्या. "तुमी ताक पिऊन जावा," म्हणाल्या.

तिकोना साधारण साडेतीन हजार फूट उंच. सुरुवातीची वाट सोंडेवरून, अंगावर न येणारी. गप्पा मारत जाता येतं, आणि हीच तिची गोम. गप्पांत दम कधी संपला ते कळत नाही. वाटेत एक दरवाजा लागतो, पुढे चपेटदान मारुती. शेंदूर माखलेली मोठी मूर्ती, एक हात थप्पड मारायला उगारलेला. बरोबर याच ठिकाणी आमचे काका आणि तरुण वाद घालत पोहोचले होते. मुद्दा असा की पूर्वीची वाट उजवीकडून होती की डावीकडून. एकाकडे १९८३ ची आठवण होती, दुसऱ्याकडे उपग्रह. मारुतीचा हात बघून दोघेही गप्प झाले. एवढं परिणामकारक मध्यस्थी केंद्र मी दुसरीकडे बघितलेलं नाही. सोसायटीच्या वार्षिक सभेत अशी एक मूर्ती बसवावी, असा ठराव मी तिथेच मनात मांडला.

पुढे चुन्याचा घाणा आहे. दगडी गोल चर आणि त्यातलं जातं. आणि मग त्या पायऱ्या. तिकोन्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या पायऱ्या ज्यानं खोदल्या त्याचा गुडघा आपल्या कमरेएवढ्या उंचीवर असला पाहिजे. खड्या, अरुंद, दोन्ही अंगांना कातळ आणि धरायला तारेचा दोर. इथे रविवारी भूगाव होतं: वरचे खाली यायला बघतात, खालचे वर, आणि मधे अडकलेला माणूस दोन्हीकडच्यांना "सावकाश, सावकाश" म्हणत राहतो. आम्हाला समोरून कॉलेजच्या पोरांचं फक्त एक टोळकं आलं. "काका, झालंच, दहा मिनिटं!" असं म्हणून ती पोरं खाली गेली. उतरणाऱ्यानं चढणाऱ्याला हे वाक्य म्हणायचंच असतं आणि चढणाऱ्यानं त्यावर विश्वास ठेवायचा नसतो. वहिनी तोवर वरच्या दरवाजात बसून डबे उघडत होत्या. ठेपल्यांचा वास पायऱ्यांवरून खाली आला आणि शेवटचा टप्पा आमचा फार लवकर झाला.

माथ्यावर महादेवाचं मंदिर, पाण्याची टाकी आणि भगवा. समोर पवना धरणाचं पाणी, पाण्यापलीकडे तुंगचा सुळका, उजवीकडे लोहगड आणि विसापूर. काकांनी हात लांब करून एकेक किल्ला दाखवला आणि म्हणाले, "पायाखालचा धरून हे चारही एका सहीत गेले होते." १६६५ चा पुरंदरचा तह. २३ किल्ले द्यावे लागले, त्यांत हे चौघेही. काका आयुष्यभर कर्जखात्यात असल्यामुळे त्यांना या तहाचा अजून त्रास होतो. "एवढं तारण कुणी देतं का?" ते म्हणाले. मग पाच वर्षांत महाराजांनी किल्ले परत घ्यायला सुरुवात केली हे आठवून त्यांनी दुसरा ठेपला घेतला. "वसुली मात्र नमुनेदार."

एवढ्यात तरुणाचा फोन वाजला. गडावर नेटवर्क उत्तम आहे, ही गोष्ट त्यानं मला लिहू नको म्हणून सांगितलं होतं. "हो सर, व्हिडिओ बंद ठेवलाय, बँडविड्थचा प्रॉब्लेम," तो भगव्याखाली उभा राहून सांगत होता. वारा भणाणत होता. पलीकडून काहीतरी विचारणा झाली. "एसी आहे सर," तो म्हणाला. घड्याळानं त्याच वेळी त्याला अमुक इतके मजले चढल्याबद्दल मोठ्यानं शाबासकी दिली. पुढचं संभाषण आम्ही सभ्यपणे ऐकलं नाही.

खाली पवनेच्या काठावर निळ्या-केशरी तंबूंच्या रांगा दिसत होत्या. शनिवारी रात्री तिथे शेकोटी, कोंबडी आणि मोठ्या आवाजात गाणी असतात. निसर्गाच्या सान्निध्यात म्हणतात त्याला. मंगळवारी तिथे एक माणूस एकटाच गाद्या उन्हात वाळत घालत होता.

उतरायला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला, तो पायऱ्यांमुळे आणि काकांच्या गुडघ्यामुळे. ते त्या पायऱ्या बसून उतरले, इंग्रजांच्या काळातल्या काही गोष्टी मोठ्यानं सांगत, म्हणजे लक्ष तिकडे राहावं. पेठेत मावशी होत्याच. त्यांनी काही विचारलं नाही, पाच ग्लास भरले.

तेव्हा पुण्याजवळ डोंगर शोधणाऱ्याला माझा सल्ला एवढाच. सिंहगड करा, पण मिनिटं मोजू नका. अंधारबन करा, पण गाडीचं आधी ठरवा आणि जूनपासून पुढे निघण्याआधी बंदीचा आदेश लागलाय का ते बघा. पावसाळ्यात जिल्हाधिकारी असे आदेश काढतात आणि ते पाळायचे असतात, कारण पाण्यात वाहून गेलेल्यांच्या बातम्या दर वर्षी येतात. तिकोना मात्र नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा, पौड-कोळवणच्या बाजूनं, मधल्या वारी. पहाटे निघालात तर जेवायला घरी. आणि पेठेतलं ताक चढायच्या आधी प्या, उतरल्यावरही प्या.